त्रेचाळीस नंबरचं घर

"मॅडम, तुमचं गाव सापडलं. कोंबड्यांत होतं."

मुजीबभाईंनी हे फोनवर इतक्या शांतपणे सांगितलं, की मला वाटलं त्यांनी चुकून भलत्यालाच फोन लावला. मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. लाल पेन तसंच हातात.

"कशात होतं?"

"कोंबड्यांत. कुक्कुटपालनाच्या अहवालात. दोन पुस्तकं एकाच बांधणीत होती. स्कॅन करणाऱ्यानं वरचं नाव वाचलं आन् दिलं टाकून. पहिली एकशे चाळीस पानं अंडी, खुराडी, खाद्य. त्याच्या पुढं तुमची बोरखडी. या लवकर, साडेपाचला कुलूप लावतो मी."

मुजीबभाई आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. गोष्ट २०११च्या एप्रिलातली. मी तालुक्याच्या त्या कॉलेजात कंत्राटावर समाजशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.चं घोडं सहा वर्षं हाकत होते. प्रबंध तीस एप्रिलच्या आत जमा झाला तर जूनमध्ये कायमच्या जागेसाठी माझा विचार होणार होता. नाही झाला तर ती जागा दुसऱ्या कुणाची. त्या दिवशी बावीस तारीख होती.

आमच्या ग्रंथालयात बारा कपाटं होती आणि त्यातली नऊ गाइडांनी भरलेली. संशोधनाची नियतकालिकं कधी दाराशीसुद्धा आली नाहीत. पण मुजीबभाईंकडे एक दोनशे पानी वही होती. तिच्यावर लाल स्केचपेननं 'फुकट' असं लिहिलेलं. कुठल्या संकेतस्थळावर जुनी गॅझेटियरं आहेत, कुठे जनगणनेचे तक्ते उघडतात, कुठली विद्यापीठं प्रबंध मोकळे ठेवतात, हे सगळं त्यांनी एकेक करून हुडकून त्या वहीत उतरवलं होतं. एखादं बंद पडलं की त्यावर काट मारायचे आणि तारीख टाकायचे. मी एकदा म्हटलं होतं, फुकटातलं कितपत भरवशाचं असणार? तर चिडले. "मॅडम, तिथं फक्त हुडकायची मेहनत आपली असती. माल अस्सल असतो."

माझा सगळा प्रबंध त्या वहीवर उभा होता. १९७९ साली पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागातली पाच गावं घरोघर फिरून मोजली होती: घरात माणसं किती, लेकरं किती, जनावरं किती. त्याचे पाच भाग छापले आणि कुणी वाचले नाहीत. वहीतल्या सतराव्या पत्त्यावर त्यातले चार भाग आम्हाला सापडले. पाचवा भाग बोरखडीचा, म्हणजे माझ्याच गावचा. तो दीड वर्ष सापडत नव्हता, आणि आता तो कोंबड्यांत निघाला होता.

चार गावांवर मी काय केलं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावागावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या मी तहसिलीतून उतरवून घेतल्या. त्यात जन्म नोंदलेली, मृत्यूची नोंद नसलेली, म्हणजे जिवंत असलेली मुलगी पाहणीत तिच्या घराच्या खात्यात आहे का, ते ताडून बघितलं. तेवीस मुली नव्हत्या. जन्मल्या होत्या, जगत होत्या, पण दारात मोजणीदार आला तेव्हा आईबापानं त्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्या प्रकरणाला मी नाव दिलं 'न मोजलेल्या मुली'. माझे मार्गदर्शक नाफडे सर ते वाचून खुर्चीत पुढे सरकले होते. "अनुसयाबाई, हे प्रकरण गाजणार!"

ते मी रागानं लिहिलं होतं, हे कबूल करते. मी आमच्या घरातलं शेंडेफळ, पण शेंडेफळाचे लाड कसे असतात ते मला ठाऊक नाही. माझं अर्धं लहानपण शेजारच्या सोजरमावशीच्या ओसरीवर गेलं. सोजरमावशीला मूलबाळ नव्हतं. जेवायला तिच्याकडे, झोपायला बऱ्याचदा तिच्याकडे. चारचौघांत मायनं मला कधी मांडीवर घेतलं नाही. कुणी म्हणालं, "पोरगी गोड हाय गं," तर माय म्हणायची, "कशाची गोड? काळी ढुस्स." थोरला दादा चिडवायचा, तुला ज्वारीवर दिलंय सोजरमावशीला. सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि मग गोठ्यामागं जाऊन रडायचे. म्हणून त्या तेवीस मुली मला कागदावरच्या वाटल्याच नाहीत. त्या मला पाठ होत्या.

मुजीबभाईंनी मध्ये एकदा विचारलं होतं, "मॅडम, फक्त मुलीच का ताडून बघता? पोरं बी राहिली असतील की."

"पोरं कोण विसरतं, मुजीबभाई?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मला वाटलं, पटलं त्यांना.

त्या दिवशी मी उत्तरपत्रिका तशाच टाकून ग्रंथालयात गेले. वीज गेली होती आणि जुन्या इन्व्हर्टरवर एकच संगणक कण्हत चालू होता. पानं एकेक करून उघडत होती. कुटुंब एक, कुटुंब दोन. देशमुखांचा वाडा, पाटलाची आळी, मारुतीची गल्ली. आमच्या गल्लीत आलो तेव्हा मी उभीच राहिले.

कुटुंब क्रमांक बेचाळीस. कर्ता: ग्यानोबा आबाजी शिराळे, वय चौतीस. पत्नी: गोदावरी, वय अठ्ठावीस. बैल दोन, शेळी एक. मुलगे दोन. मुलगी एक, वय आठ.

वय आठ म्हणजे माझी बहीण शकू.

"तुमचा जन्म कधीचा?" मुजीबभाईंनी विचारलं.

"सत्त्याहत्तरचा डिसेंबर."

"आन् हे एकोणऐंशीच्या फेब्रुवारीचं."

त्यांनी बोटं मोजून हिशेब केला नाही. मीही नाही. सव्वा वर्षाची पोर घरात रांगत असणार, नव्हे चालत असणार, आणि माझ्या जन्मदात्यांनी सांगितलं होतं, मुलगी एक.

"चोवीस," मी म्हणाले.

"काय?"

"तेवीस होत्या ना? आता चोवीस."

पुढचं पान उलटायची माझी छाती झाली नाही. मुजीबभाईंनी फाइल माझ्या लॅपटॉपवर घालून दिली आणि कुलूप लावताना एवढंच म्हणाले, "मॅडम, कागदाला विचारून झालं. आता माणसाला विचारा."

मी त्यांच्यावरही चिडले. त्या दिवसांत मी सगळ्यांवरच चिडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. तासाभराच्या प्रवासात मी किमान वीस वेळा ठरवलं की ओरडायचं नाही, आणि वीस वेळा मनातल्या मनात ओरडून घेतलं. पिशवीतला लॅपटॉप मांडीवर गच्च धरला होता. उतरले तेव्हा हाताला वळ उठले होते.

माय अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होती. मला बघून सूप थांबलं.

"आज कामून आलीस गं? तुज्या परीक्षा चालू हायेत म्हणलीस की."

"तुला एक विचारायचंय."

"च्या पी आधी."

"चहा नको. माय, मी सव्वा वर्षाची होते तेव्हा पुण्याची माणसं आली होती गाव मोजायला. दारात येऊन बसली असतील. आठवतंय?"

मायनं सूप खाली ठेवलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तिला आठवतंय.

"चष्मेवाला एक होता," ती म्हणाली. "आन् एक बाई होती, साडीला पिना लावलेली."

"त्यांना तू किती लेकरं सांगितलीस?"

मायनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तीन सांगितलीस. माझं नाव घेतलं नाहीस. पुस्तकात छापलंय, मी वाचलंय. का नाही घेतलंस? नको होते तर तसं सांगायचंस! दोन पोरं झाली होती, एक पोरगी झाली होती, चौथी मी कशाला म्हणून आले? सगळ्या गावाला ठाऊक होतं, तूच तेवढी बोलली नाहीस कधी."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागावेल. ती उठली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"चौथी न्हाईस तू," ती म्हणाली. "सहावी हायेस."

दादा, अप्पा आणि शकू यांच्यानंतर एक मूल दगावलं होतं असं कधीतरी कानावर पडलं होतं. दोन गेली होती हे मला माहीत नव्हतं. घरात त्यांचा विषय निघत नसे.

"शकूच्या पाठीवर नामदेव झाला," माय सांगू लागली. "सव्वा वर्साचा झालता. देवीची लस टोचणारे आले, वहीत लिवायला लागले. किती लेकरं? मी मोठ्या तोंडानं म्हणलं, चार. एकेकाच्या डोक्याला हात लावून दावलं. महिन्यात गेला बघ. जुलाब लागले, दोन दिवसांत संपलं. मग राधा झाली. शाळेचा मास्तर आला नावं लिवून न्यायला. मला आठवण ऱ्हायली न्हाई. म्हणलं, चार हायेत. राधा चार म्हैन्यांची गेली."

"माय, आजारानं गेली ती दोघं. मोजल्यानं कुणी..."

"तू शिकलेली हायेस, मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी शिकलेली न्हवते. मला एवढंच ठावं होतं, की वहीत घातलं की जातंय. मग तू झालीस. तुला वहीत घालू देणार होते का मी? जीव गेला तरी न्हाई सांगितलं असतं."

मी सहा वर्षं ज्याला हेळसांड म्हणत होते, तळटीपा देऊन सिद्ध करत होते, ती हेळसांड नव्हती. मी खाली बघत राहिले. समोर सूप होतं, त्यात ज्वारी.

"आन् काळी ढुस्स?" मी विचारलं.

"गोड म्हणू का मग सगळ्यांदेखत?" माय एकदम भडकली. "इतकी शाळा शिकलीस आन् एवढं कळंना व्हय तुला?"

शेजारच्या ओसरीवरून खोकल्याचा आवाज आला. सोजरमावशी काठी टेकत कुडाच्या फटीतून आमच्या अंगणात येत होती. त्या फटीला दार कधी लावलंच नव्हतं. साठीच्या पुढची, वाकलेली, पण जीभ अजून तिखट.

"काय गोंधळ लावलाय गं मायलेकींनी? सकाळच्या पारी भांडायलेत."

"पुस्तकात हिचं नाव न्हाई म्हणून आलीया भांडायला," माय म्हणाली. "चष्मेवाल्याच्या."

सोजरमावशी जागच्या जागी थांबली. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या दोघींचं तसं बघणं मी लहानपणापासून बघत आलेय. त्याचा अर्थ एवढाच की हे पोरांना सांगायचं नाही.

"नाव न्हाई कसं?" सोजरमावशी म्हणाली. "नीट बघितलंस का? फुडच्या घरात बघ की."

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. उन्हात काही दिसेना, म्हणून ओसरीच्या सावलीत बसलो तिघी. बेचाळीस आलं. मी पान सरकवलं.

कुटुंब क्रमांक त्रेचाळीस. कर्ती: सोजर भ्रतार कोंडिबा, वय तीस. विधवा. पती मृत, सन १९७२. जनावरे नाहीत. मुलगी एक, वय सव्वा वर्ष.

त्या ओळीपाशी समासात कुणीतरी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. छापील पुस्तकावर, नंतर कधीतरी, कुण्या तपासनिसानं. स्कॅनमध्ये ते जसंच्या तसं आलं होतं. नवरा बहात्तर साली गेला, आणि मुलगी सव्वा वर्षाची.

"मावशी," मी म्हणाले, "हे तू सांगितलंस?"

"मंग कोण सांगणार? तू झाल्यावर बाराव्या दिवशी तुला ह्याच सुपात घातलं आन् गोदीनं माज्या वट्यात दिलं. मी दोन पायल्या ज्वारी घातली तिच्या पदरात. इकत घेतलेलं लेकरू हाय ते, माजं हाय. फुकट न्हाई घेतलं." ती हसली. "मोजणारा माज्या दारात आला. तू माज्या कडेवर होतीस. तो म्हणला, कुणाचं? मी म्हणलं, माजं."

"पण तू..."

"त्यो बी असाच बघाय लागला, तू बघतीस तसा. नवरा कधी वारला म्हणला. म्हणलं, दुष्काळात, खडीच्या कामावर. पुन्हा बघितलं त्यानं. ती पिनावाली बाई तर खालीच बघाय लागली. मी म्हणलं, लिवा साहेब, बघता काय? पोरगी हाय, दिसती न्हाई का?"

"गाव काय म्हणलं असतं गं मावशी?"

"म्हणलंच की. कुणी त्येंच्या मागं उभं होतं, त्यानं गावभर केलं. गावाला ठावं होतं पोर कुणाची हाय, तरी दोन वर्सं चिडवलं मला, साहेबाला काय सांगितलं म्हणून. माजा दीर बोलंना झाला. पर तू जगलीस न्हवं?"

माय दुसरीकडे बघत होती. तिचा पदर तोंडाला होता.

"कुठं लिवलंय?" सोजरमावशी पुढे वाकली. तिला अक्षर येत नाही. "बोट ठेव."

मी तिचं बोट धरलं आणि 'मुलगी एक' या शब्दांवर ठेवलं. ज्वारीच्या कोंड्यानं भरलेलं बोट. पडद्यावर पांढरा ठिपका उमटला.

"आन् हे वाकडं काय काढलंय?" तिनं समासातल्या खुणेकडे दाखवून विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "तपासणाऱ्याला खरं वाटलं नाही," मी म्हणाले.

"न्हाई वाटणार," ती म्हणाली. "वाचणारा पुरुष आसंल."

परत येताना एसटीत मला बसवेना. मागच्या दारापाशी दांडा धरून उभी राहिले आणि तिथूनच मुजीबभाईंना फोन लावला. "मुलग्यांच्या नोंदी काढून ठेवा. चारही गावांच्या. आणि माझ्या यादीतली नावं."

"नावं तुमीच काढून टाकली की. मु-एक, मु-दोन."

"मूळ वह्या आहेत माझ्याकडे. परत घालू."

नाव गुप्त ठेवायचं म्हणून मी प्रत्येक मुलीला आकडा दिला होता. नियमच तसा होता आणि नियम बरोबरच होता. पण आकडे देताना मी त्या नावांकडे बघितलंच नव्हतं. आम्ही दोघांनी चार दिवस सकाळी आठ ते साडेपाच बसून नावं परत घातली आणि मुलगेही ताडून बघितले. मुजीबभाईंनी घरून दोघांसाठी डबा आणला. एकदाही म्हणाले नाहीत, की मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. मीच म्हणाले शेवटी.

मुली तेवीस. मुलगे एकवीस.

मग नावं. धोंडू. दगडू. भिकी. उकंडा. केरू. कचरी. पुन्हा धोंडू. चव्वेचाळीस लेकरांपैकी सदतीस जणांच्या आधी घरात किमान एक मूल दगावलेलं होतं. आणि शेजारची घरं बघायला लागलो तेव्हा अकरा जण तिथे सापडले: पलीकडच्या दारात, काकूच्या खात्यात, एक तर कुंभाराच्या घरात, जातही वेगळी. मुजीबभाई प्रत्येक वेळी म्हणायचे, "हा आणखी एक." त्यांचा आवाज दर वेळी थोडा खाली जायचा. तिसऱ्या दिवशी ते मध्येच उठून खिडकीपाशी गेले आणि तिकडे बघतच म्हणाले, "माझ्या अम्मीनं माझ्या भावाला फकिराच्या झोळीत घालून परत घेतलं होतं. फकीर म्हणूनच हाक मारायची त्याला."

अठ्ठावीस तारखेला मी नाफडे सरांकडे गेले. त्यांनी दहा मिनिटं पानं चाळली.

"म्हणजे प्रकरण गेलं," ते म्हणाले.

"गेलं नाही सर. उलटं आहे."

"परवा जमा करायचंय, अनुसयाबाई. आहे तसं द्या. हे नवीन पुढे लेखात लिहा. 'न मोजलेल्या मुली' हे लोकांना कळतं. हे कुणाला कळणार?"

"मला कळलंय सर. आता मला तसं लिहवणार नाही."

ते रागावले, आणि त्यांच्या जागी मीही रागावले असते. त्यांनी सही केली नाही, मी मागितलीही नाही. प्रबंध चौदा महिने लांबला. जूनमध्ये ती जागा दुसऱ्या एका बाईंना मिळाली. चांगल्या होत्या त्या, शिकवायच्याही छान. मी आणखी तीन वर्षं कंत्राटावर काढली आणि बऱ्याच वेळा वाटलं, मी वेडेपणा केला. हे लपवून सांगत नाही.

शेवटचा तक्ता करायचा होता बोरखडीचा. नियमानं प्रत्येक लेकरू त्याच्या जन्मदात्या घरात परत टाकायचं, म्हणजे आकडे बरोबर येतात. पाच गावांतली सगळी लेकरं मी परत टाकली. पलीकडच्या घरांतून काढून आपापल्या घरात. कुंभाराच्या घरातलासुद्धा.

मग बेचाळीस आणि त्रेचाळीस आले. मी त्रेचाळीसमधली मुलगी काढून बेचाळीसमध्ये टाकली. तक्ता बरोबर आला. दहा मिनिटांनी परत त्रेचाळीसमध्ये घातली. तक्ता एकानं चुकला. पुन्हा काढली, पुन्हा घातली. त्या दुपारी मी किती वेळा हे केलं, मला आठवत नाही. मुजीबभाई शेजारी बसून वहीत काहीतरी लिहीत होते, एकदा वर बघून परत खाली बघितलं त्यांनी.

प्रबंध आता मुजीबभाईंच्या वहीतल्या त्या सतराव्या पत्त्यावर आहे, फुकट, कुणीही उघडावा. बोरखडीच्या तक्त्यात बेचाळीस नंबरच्या घरात दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. त्रेचाळीस नंबरच्या घरात मुलगी एक. खाली तळटीप आहे: 'या कुटुंबातील नोंद दुरुस्त केलेली नाही. ती बरोबर आहे.'